दहाच्या आत

आधीच सांगून टाकते, मी तोंडानं फटकळ आहे. बावीस वर्षं पार्लर चालवतेय. रोज वीसेक बायकांच्या भुवया दोऱ्यानं कोरते, आणि खुर्चीतली बाई जरा हलली की तिला दम भरते. "डोळे मीट, हलू नकोस!" हे मी झोपेतसुद्धा बोलते म्हणे. असं आमचे हे सांगतात. आमचे हे गाडी शिकवतात. दिवसभर शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून "हळू, हळू" म्हणायचं, आणि संध्याकाळी घरी येऊन माझ्या शेजारी बसायचं. म्हणजे तिथंही "हळू, हळू"च!

अकरा वर्षांत ही पहिली सुट्टी. मला वाटलं होतं, छान हॉटेल असेल, गार खोली असेल, पोहायला निळंशार पाणी असेल. ह्यांनी काय बुक करावं? शेत!

"पर्यावरणाला धरून आहे," हे म्हणाले. "घरचीच माणसं चालवतात."

खोलीत बांबूच्या भिंती, मच्छरदाणी आणि एक कंदील. संडासात पाण्याऐवजी लाकडाच्या भुशाची बादली, आणि वर पाटी, 'दोन मुठी टाका'. तेही मी गिळलं. पण आरसा? अख्ख्या खोलीत आरसा नाही! पार्लरवालीला बिनआरशाच्या खोलीत ठेवतात का कुणी? चार दिवस मी स्वतःचं तोंड बघितलं ते पाण्याच्या पिंपात.

माणसं मात्र गोड. काका, म्हणजे शेताचे मालक, उंच, वाळकुडे, सतत घाईत. काकूंचा गुडघा सुजलेला, त्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसून सोलणं-चिरणं तेवढं करायच्या. आणि त्यांची मुलगी. सव्वीस वर्षांची घोडी, पण घरात सगळे तिला 'छकुली'च म्हणायचे. चूल, वाढणं, भांडी, सगळं तिच्या अंगावर. आमच्याशिवाय पाहुणे एकच, दुर्बीणवाले सर. निवृत्त हेडमास्तर, पक्षी बघायला आलेले, तीन आठवडे मुक्काम, आणि वेळेचे असे पक्के की त्यांच्याकडे बघून घड्याळ लावावं.

जेवणघर चारी बाजूंनी उघडं होतं. त्याच्या खांबाला एक पितळी घंटी टांगलेली.

"ताई, काही लागलं तर ही वाजवा," काका पहिल्याच संध्याकाळी म्हणाले. "मी असेन तिथून येईन."

आणि खरंच यायचे हो! सरांनी मिठासाठी एकदा टिंग केलं, तर काका गोठ्यातून धावत आले, हातात शेणाचं घमेलं तसंच.

दुसऱ्या दिवशी नाश्ता साडेआठला, असं फळ्यावर खडूनं लिहिलं होतं. पावणेनऊ झाले. नऊ झाले. टेबलावर पपईच्या फोडी तेवढ्या, बाकी पावाचा पत्ता नाही, अंड्यांचा नाही, चहाचा तर नाहीच. रिकाम्या पोटी माझं डोकं फार लवकर फिरतं. त्यात हे म्हणाले, "हळू, हळू." झालं! मी उठले आणि ती घंटी अशी बडवली की समोरच्या झाडावरचे सगळे पक्षी भुर्रकन उडाले.

"अहो बाई," सर कळवळून म्हणाले, "त्या एका पक्ष्यासाठी मी सहापासून बसलोय!"

काका धावत आले. त्यांच्या मागून छकुली आली, चपला चिखलानं भरलेल्या, केसांत पाला, बोटांना कसलासा चिकट रस.

"सुट्टीवर आलोय आम्ही, उपास करायला नाही!" मी म्हणाले. फटकळ आहे, सांगितलंच.

काकांचं तोंड एवढंसं झालं. मुलीकडे न बघता ते हळूच म्हणाले, "पाहुणे थांबलेत." ती मान खाली घालून चुलीकडे गेली. दहा मिनिटांत सगळं टेबलावर आलं, गरम आणि चविष्ट. मी पोटभर खाल्लं आणि माझा राग निवला. पण एक गोष्ट डोक्यात राहिली. अंडी तळताना ती पोरगी तव्याकडे बघतच नव्हती. तिचं सगळं लक्ष स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या घड्याळात.

अकराच्या सुमाराला मी सहज फिरत शेताच्या मागच्या अंगाला गेले. तिथं झाडांच्या सावलीत ओळीनं वेल चढवलेले होते, जाड, मांसल पानांचे. आणि एका ओळीच्या मधोमध छकुली मातीत बसून रडत होती. हमसाहमशी नाही, दात-ओठ खाऊन. समोर फिकट पिवळी फुलं माना टाकून लोंबत होती.

"काय गं, काय झालं?"

ती दचकून उठली. "काही नाही ताई. काही हवंय का?"

"मला काही नकोय. तू का रडतेस ते सांग."

"पाहुण्यांना घरचं काही सांगायचं नाही, असा बाबांचा नियम आहे."

"मग मी पाहुणी नाही. पार्लरवाली आहे. माझ्या खुर्चीत बसल्यावर बायका सासूपासून सगळं सांगतात. बोल."

मग ती बोलली. हे व्हॅनिलाचे वेल. पाच वर्षांपूर्वी तिनं हट्टानं लावलेले, काका नको म्हणत असताना. (मी लगेच एक फूल हुंगलं. आईस्क्रीमचा वास कुठला यायला! तो म्हणे शेंग महिनोन्महिने मुरवल्यावर येतो.) हे फूल पहाटे उघडतं आणि दहाच्या पुढे मान टाकतं. तेवढ्या वेळात एकेका फुलाचं परागीकरण हातानं करावं लागतं. नाही केलं तर फूल दुसऱ्या दिवशी गळून पडतं. केलं तर सुकूनही देठाला चिकटून राहतं, आणि मागं शेंग धरते.

"मग कर की! कुणी अडवलंय?"

"पहिला बहर आला तेव्हा बाबा म्हणाले, आपलं शेत निसर्गाचं, आपण फुलाला हात लावायचा नाही, मधमाश्या बघून घेतील. पेट्यासुद्धा आणल्या. इथल्या माश्यांना हे फूल जमतच नाही. एक शेंग धरली नाही. गेल्या वर्षापासून मी हातानं करायला लागले, पण सहाला सरांचा चहा, मग अंघोळीचं पाणी, मग नाश्ता, मग भांडी. इथं पोचेपर्यंत साडेदहा होतात. आज आठला पळत आले, पंचवीसेक फुलं झाली असतील, तेवढ्यात..."

तेवढ्यात मी घंटी बडवली होती.

"आणखी फुलतील ना?"

"हा शेवटचा बहर. उद्याच्या कळ्या मोजल्यात मी, तीनशे बारा. त्यानंतर किरकोळ. आणि परवा सकाळी केळीची रोपं येतायत. बाबांनी सांगितलंय, यंदा फळ धरलं नाही तर वेल उपटून इथं केळी. ते बघा, कोपऱ्यात कुदळी आणून ठेवल्यात."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. काकांवर नाही, स्वतःवर. पोरीची पाच वर्षं आणि माझा एक चहा! मी तरातरा काकांना गाठायला निघाले. मागून छकुली, "ताई नको, ताई नको."

काका पंप दुरुस्त करत होते. माझं सगळं ऐकून घेतलं आणि फडक्याला हात पुसत म्हणाले, "ताई, तुम्ही आराम करा. पाहुण्यांच्या आधी शेत नाही, हे या घरात ठरलेलं आहे."

"कुणी ठरवलं?"

"मी. सुरुवातीला एका पाहुण्याला चहा मिळायला पाऊण तास लागला. त्यानं जाऊन इंटरनेटवर लिहिलं, की ही माणसं झाडांना विचारतात, माणसांना नाही. पुढचे आठ महिने इथं कुत्रं फिरकलं नाही. हिची आई रोज चार खोल्या झाडायची आणि संध्याकाळी चादरी तशाच घडी करायची."

मलाही अशी गिऱ्हाइकं माहीत आहेत. एकीनं शिंकताना स्वतः मान हलवली, आणि अर्धी भुवई गेली म्हणून चार गल्ल्यांत माझी बदनामी केली. काका वाईट नव्हते. घाबरलेले होते. घाबरलेल्या माणसाशी भांडून उपयोग नसतो.

जेवणघरात येऊन बसले. हे शेजारी. डोळ्यांसमोर ती घंटी, आणि एकदम डोक्यात बत्ती पेटली! मी उठले आणि टिंग केलं. एकदाच, सभ्यपणे.

काका धावत आले. "बोला ताई."

"उद्या सकाळी सहा ते दहा मला तुमची मुलगी हवी. फुलं बघायची आहेत. जवळून. सगळीच्या सगळी."

पाहुण्यानं काही मागितलं तर नाही म्हणायचं नाही, हाही त्यांचाच नियम. "पण नाश्ता?" ते कसेबसे म्हणाले.

"नाश्ता हे करतील!" मी म्हणाले.

"मी?" ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. यांनी आयुष्यात गॅसच्या बटणाला हात लावलेला नाही.

"माझी गोळी असते," पलीकडून सर म्हणाले. "साडेआठच्या नाश्त्यानंतर. दोन अंडी, साडेसहा मिनिटं उकडलेली."

"मिळतील सर! साडेसहा म्हणजे साडेसहा. हे गाडी शिकवतात, सेकंदाला चुकत नाहीत."

काकांनी एकदा त्या घंटीकडे बघितलं आणि ते पंपाकडे परत गेले.

सकाळी सहाला आम्ही वेलांत. काय सांगू तुम्हाला! काल माना टाकलेली ती फुलं आज ताठ उघडून बसलेली. ओळीच्या ओळी, पानांवर दंव, आणि सगळीकडे तो फिकट पिवळा रंग. माझ्या अंगावर काटा आला. छकुलीनं बांबूची टोकदार काडी माझ्या हातात दिली.

"फूल डाव्या हातात धरायचं, असं. पुढची पाकळी काडीनं खाली ओढायची. आत एक बारीक पडदा दिसतो बघा, नखाएवढाही नाही. तो वर उचलायचा, आणि वरचे पराग अंगठ्यानं खाली दाबायचे. पडदा फाटला की फूल वाया."

पहिल्या फुलाचा मी पार चेंदामेंदा केला. दुसऱ्याचा पडदा फाटला. बांबूची काडी मला जड वाटत होती. मग आठवलं, माझ्या पर्समध्ये नखं साफ करायची लाकडी काडी असते, टोकाला चपटी, गुळगुळीत. पळत जाऊन आणली. तिसरं फूल धरलं, पाकळी ओढली, पडदा उचलला, पराग दाबले.

"जमलं!" छकुली ओरडली.

"जमणारच! पापणीपासून केसभर अंतरावर दोरा फिरवते मी. आणि हे बरंय, हे हलत नाही."

मग जो हात बसला! ती एका ओळीत, मी शेजारच्या. "बारा!" ती ओरडायची. "चौदा!" मी. "एकवीस!" "तेवीस! मागं राहिलीस गं पोरी!" घामानं पदर भिजला, डास चावत होते, रसानं बोटं चुरचुरत होती, आणि मी मनापासून हसत होते. प्रत्येक फुलाला मी दम भरत होते, "डोळे मीट, हलू नकोस." सात वाजेपर्यंत साठ झाली, आठला शंभराच्या पुढे. कितीतरी वर्षांत इतकी मजा आली नव्हती, खरंच.

साडेआठला जेवणघरातून धूर दिसला. पाठोपाठ घंटी. टिंग, टिंग, टिंग!

छकुलीनं काडी टाकली आणि पळत सुटली. पायात घंटीच बसलेली ना! मी ओळ ओलांडून तिची ओढणी धरली.

"हलायचं नाही!"

"ताई, पाहुणे..."

"पाहुणी मी आहे! आणि मला तू इथं हवी आहेस. काडी उचल."

तिनं उचलली. घाईत दोन फुलं फाटली. "श्वास घे," मी म्हणाले, "आणि श्वास सोडताना पडदा उचल. मी भुवया अशाच करते." तिसरं बरोबर झालं.

पाचच मिनिटांनी वेलांमध्ये सर अवतरले. गळ्यात दुर्बीण, हातात उकडलेलं अंडं. "पाव जळला," ते गंभीरपणे म्हणाले. "अंडी मात्र साडेसहा मिनिटांची. घंटी तुमच्या यजमानांनी वाजवली, मीठ सापडेना म्हणून. तुमचं किती झालं?"

"एकशे बत्तीस. सर, आता वरची दिसत नाहीयेत. उन्हानं डोळे दिपतात."

सरांनी अंड्याचा शेवटचा घास तोंडात टाकला आणि दुर्बीण डोळ्यांना लावली. "डावीकडचं झाड. फांदीच्या बेचक्यात दोन. त्यामागं पानाखाली आणखी एक लपलंय. वा! वा!" तीन आठवडे पक्ष्यांसाठी कुजबुजणारा हा माणूस आता क्रिकेटचा सामना असल्यासारखा ओरडत होता. "उजवीकडे! अहो, दुसऱ्या उजवीकडे!"

हेही आले, तोंडाला काजळी, हातात शिडी. शिडी धरून उभे राहिले आणि मी वर चढले.

"हळू, हळू," हे म्हणाले.

"आज हळू म्हणालात तर घटस्फोट!"

तेव्हा हे लग्नानंतर पहिल्यांदाच म्हणाले, "बरं, लवकर."

साडेनऊला ऊन ओळीच्या टोकाशी पोचलं. दोनशे चाळीस. पावणेदहाला कडेच्या पाकळ्या मऊ पडायला लागल्या. दोनशे सदुसष्ट. आता फक्त आकडे. दहाला पाच मिनिटं असताना मी शिडीवरून मान वळवली, तर ओळीच्या टोकाला काका उभे होते. कधीचे उभे होते कोण जाणे. त्यांना बघून छकुली थबकली.

"दहा वाजतायत," काका एवढंच म्हणाले, आणि वळून गेले.

रागानं म्हणाले की घाई कर म्हणून, कळलंच नाही. दहा वाजून दहा मिनिटांनी शेवटचं फूल माझ्या हातातच मिटलं. एकूण दोनशे नव्वद. छकुलीनं मला मिठी मारली, दोघी चिखलानं बरबटलेल्या. काकूंनी मग दुपारी बाराला आम्हाला नाश्ता वाढला, काठी टेकत, स्वतः उभ्या राहून. आमच्या ह्यांनी जाळलेला पाव गुरांनीही नाकारला, ते वेगळं.

पण खरी परीक्षा दुसऱ्या दिवशीची. दोनशे नव्वद फुलं दाबली खरी, त्यांतली किती धरली? सकाळी सगळी गळून पडली असली तर? आठला केळीचा टेम्पो येणार, आणि आम्हीही दहाला निघणार. जीव टांगणीला लागला होता. मी साडेपाचलाच उठले. हे म्हणाले, "लवकर, लवकर!" बघा, एकदा सवय लागली की लागली.

वेलांकडे गेलो तर छकुली ओळीच्या तोंडाशी उभी, पुढं पाऊल टाकत नव्हती. "ताई, माझ्याच्यानं बघवत नाही." मी तिचा हात धरला.

"चल. डोळे मीट हवं तर."

पण आमच्या आधी कुणीतरी आत होतं.

काका! पाठमोरे, वाकलेले. एकेक सुकलेलं फूल बोटाच्या टोकानं हलवून बघत होते. गोठ्यात तान्ह्या वासराला हात लावतात ना, तितक्या हलक्या हातानं. फूल हलायचं आणि देठाला तसंच चिकटून राहायचं. ते पुढच्याकडे जायचे. तेही चिकटलेलं. त्याच्या पुढचंही. खाली मातीत पडलेली फुलं मी मोजली, तीसेक असतील, त्यांतली बावीस तर काल राहिलेली-फाटलेलीच.

"दोनशे एकाहत्तरपर्यंत आलोय," काका न वळता म्हणाले. "सगळी धरलीत गं छकुले."

छकुली रडायलाच लागली, आणि मी तर सरळ किंचाळले! काय करू, मला आनंद दाबून धरता येत नाही. हे टाळ्या वाजवायला लागले.

फाटकाशी टेम्पोचा हॉर्न वाजला. आठची वेळ दिलेली, पण दीड तास आधीच हजर! काकांनी मान वर केली. "केळी कुंपणाच्या कडेनं लावू," ते म्हणाले. "आणि कोपऱ्यातल्या त्या कुदळी तिकडं नेऊ." मग खिशातून काहीतरी काढून छकुलीपुढे धरलं. माझी नखांची काडी होती ती. काल घाईत मी शिडीखाली टाकलेली. "आज सात-आठ उघडलीत. मला दाखव कसं करायचं ते. पडदा उचलायचा, ना?"

तिनं डोळे पुसले आणि त्यांच्या जाड, भेगाळलेल्या बोटांवर आपली बोटं ठेवली. काकांनी श्वास रोखला.

"श्वास सोडताना उचला, बाबा."

तेवढ्यात जेवणघरातून घंटी वाजली. टिंग! सरांचा सहाचा चहा राहिला होता. काकांचा पाय आपोआप उचलला गेला, इतक्या वर्षांची सवय. छकुलीनंही हात मागं घेतला. पुन्हा वाजली, जरा जोरात. टिंग, टिंग!

काकांनी उचललेला पाय परत जागेवर ठेवला.

"वाजू दे," ते म्हणाले. "आधी हे फूल."